चाळीस वाचक आणि चोवीस रकाने

मागच्या रविवारी रात्री माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. नाव सांगत नाही. गाव लहान आहे, आणि तुमच्यातले बरेच जण त्याला ओळखतात. गेली दोन वर्षं तो दर रविवारी एक मजकूर लिहितो. कुठल्या वॉर्डात किती दिवसांनी नळाला पाणी आलं, किती वेळ टिकलं, टँकर कुठे उभा राहिला, किती खेपा झाल्या. बस्स, एवढंच. विशेषणं नाहीत, शिव्या नाहीत, कुणाचा जयजयकार नाही. बहुतेक लोक ते न वाचता पुढे जातात. मीही कधी कधी गेलोय, कबूल करतो.

तर त्या आठवड्यात त्याने एका टँकरचा हिशोब मांडला होता. कागदावर बारा खेपा, गल्लीत आलेल्या सात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या वडिलांना दुकानात गाठलं आणि "पोराला जरा समजावा" असं गोड आवाजात सांगून गेलं. वडील रात्रभर झोपले नाहीत. म्हणून हा फोन.

"सर, चाळीस जण वाचतात. त्यातले दहा घरचे. कशासाठी करायचं हे?"

मी फोनवर काहीतरी थातूरमातूर बोललो. 'बघ, तुझं तू ठरव' छापाचं. फोन ठेवल्यावर माझीच मला लाज वाटली. तीस वर्षं इतिहास शिकवला आणि पोराने इतिहासाचाच प्रश्न विचारला तर उत्तर आलं नाही. कारण एकट्या माणसाने, स्वतःच्या जबाबदारीवर, कुणी सांगितलेलं नसताना नेमाने लिहीत राहणं ही मराठीत आज मोबाईलबरोबर आलेली गोष्ट नाही. पावणेदोनशे वर्षांची वहिवाट आहे. त्यातलं काही टिकलं, बरंच वाहून गेलं. जे टिकलं ते का टिकलं, हे पाहिलं तर त्याला उत्तर देता येईल असं वाटलं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात १८४८ पासून करू. पेशवाई जाऊन तीस वर्षं झाली होती. मुंबईत भाऊ महाजन 'प्रभाकर' नावाचं साप्ताहिक चालवत होते. त्यात 'लोकहितवादी' या सहीने पत्रं येऊ लागली. लिहिणारा होता पंचविशीचा गोपाळ हरि देशमुख. वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याकडे फडणीस होते, म्हणजे घर जुन्या राज्याच्या आतल्या गोटातलं. मुलगा इंग्रज सरकारच्या नोकरीत. आणि हा मुलगा लिहीत काय होता? तर आपलं राज्य गेलं याला आपणच जबाबदार आहोत, आपली विद्या पाठांतरात अडकली आहे, विधवांचे हाल आपण करतो, आणि या सगळ्यात आपली ब्राह्मण जात पुढे आहे. स्वतःच्या पंगतीत बसून वाढप्याचं चुकतंय म्हणून सांगण्यासारखं हे होतं.

दोनेक वर्षांत अशी १०८ पत्रं झाली. आज आपण त्यांना 'शतपत्रे' म्हणतो. ती पुन्हा वाचताना मला सगळ्यात जास्त काय जाणवतं सांगू? त्यांचा आकार. एक पत्र, एक मुद्दा. बहुतेक पत्रं एका बैठकीत वाचून होतात. पाहिलेली गोष्ट सांगायची, तिचं कारण सांगायचं, काय करायला हवं ते सांगायचं आणि थांबायचं. राग आहे, पण तो मुद्द्यावर आहे. आणि नुसतं लिहून स्वस्थ बसले नाहीत. त्याच १८४८ साली पुण्यात सार्वजनिक ग्रंथालय सुरू झालं, आजचं पुणे नगर वाचन मंदिर, त्यामागे हेच गृहस्थ होते. लोकांनी वाचावं असं लिहायचं आणि वाचायला जागाही करून द्यायची.

टोपणनावाबद्दलही बोललं पाहिजे, कारण हल्ली टोपणनाव म्हटलं की आपल्याला खोटं खातं आठवतं. देशमुख सरकारी नोकर होते, टोपणनाव घेण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण त्यांनी ते नाव बदललं नाही. एकदा घेतलेली सही आयुष्यभर वागवली. इतकी की आज आपण त्यांना त्याच नावाने ओळखतो. आज या नावाने, उद्या त्या नावाने दगड मारणारा आणि एकाच नावाने चाळीस वर्षं बोलणारा, यांना एका मापात मोजता येणार नाही. पहिल्याला कालच्या शब्दाबद्दल कुणी जाब विचारू शकत नाही. दुसऱ्याला विचारू शकतं.

आता दुसरा माणूस. हा लेखक नव्हताच. पेण तालुक्यातल्या वरसई गावचा गरीब भिक्षुक, विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होतं. उत्तरेत दक्षिणा चांगली मिळते असं ऐकून निघाला आणि नेमका १८५७ च्या बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहराच्या आत होता. कसाबसा जीव वाचवून घरी परत आला आणि खूप वर्षांनी ते सगळं लिहून काढलं. 'माझा प्रवास'.

या पुस्तकात गोडसे भटजी कुठेही इतिहासकाराचा आव आणत नाहीत. काय खाल्लं, कुठे निजलो, पैसे कुणी लुटले, तहान लागली तेव्हा पाणी कुठे मिळालं, हे सांगतात. स्वतःची भीती लपवत नाहीत. म्हणून झाशीच्या लुटीचं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. मोठ्या माणसांनी लिहिलेल्या मोठ्या इतिहासात वेढा म्हणजे तोफा आणि तारखा. इथे वेढा म्हणजे विहिरीपर्यंत जायची सोय नाही.

पण या पुस्तकाचं पुढे काय झालं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते लिहायला ज्यांनी सांगितलं त्या चिंतामणराव वैद्यांनी गोडसे भटजी वारल्यावर १९०७ साली ते छापलं. वैद्य मोठे विद्वान, हेतू चांगला. पण त्यांनी मजकुरात काटछाट केली, भाषा सारखी केली. भटजींनी लिहिलं तसं पुस्तक वाचायला मराठी माणसाला १९६६ साल उजाडावं लागलं, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून ते छापलं तेव्हा. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं आपण भटजींचा आवाज दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकत होतो. कुणी मला 'जरा चांगल्या भाषेत लिहायला हवं होतं का सर?' असं विचारलं की मला हे आठवतं. तुमच्या गावचं, तुमच्या तोंडचं आहे ते राहू द्या. शुद्धलेखन सुधारा, आवाज सुधारायला जाऊ नका.

तिसरं नाव घेतलं की काहींना आनंद होईल, काहींच्या कपाळाला आठी पडेल. विष्णुशास्त्री चिपळूणकर. जानेवारी १८७४ मध्ये, वयाच्या चोविशीच्या आत, सरकारी शाळेत शिक्षक असताना त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक काढलं. मासिक म्हणायचं, पण जवळजवळ सगळा मजकूर एकट्याचा. सुमारे सात वर्षांत ८४ अंक. शेवटी १८७९ साली नोकरी सोडली, पुढच्या वर्षी न्यू इंग्लिश स्कूल, त्याच्या पुढच्या वर्षी 'केसरी' आणि 'मराठा'. १८८२ च्या मार्चमध्ये वारले तेव्हा बत्तीस वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते. मालेतला शेवटचा निबंध 'आमच्या देशाची स्थिती'. इंग्रज सरकारला तो इतका झोंबला की पुढे त्यावर बंदी आली.

मराठी गद्याला चिपळूणकरांनी बळ दिलं, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येणार नाही. मराठीत लिहिणं म्हणजे कमीपणा, असं शिकलेल्या लोकांना वाटत होतं त्या काळात त्यांनी मराठीची मान ताठ केली. पण याच मालेत त्यांनी लोकहितवादींची टर उडवली आणि जोतीराव फुल्यांची तर भाषेवरून, व्याकरणावरून खिल्ली उडवली. फुले शेतकऱ्यांबद्दल, शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाबद्दल काय सांगत होते? ते खरं होतं की खोटं? त्याचं उत्तर व्याकरणाच्या चुका मोजून मिळत नाही. वाक्य कितीही घोटीव असलं तरी समोरच्याचा मुद्दा टाळून त्याच्या बोलण्याची नक्कल करणं हे लेखणीचं मोठेपण नाही. दीडशे वर्षांनंतर फुल्यांचा प्रश्न तसाच उभा आहे आणि ती थट्टा वाचताना आपल्यालाच ओशाळायला होतं. एकहाती लिखाणात ही जागा फार निसरडी असते. वर संपादक नाही, टाळ्या वाजवणारे चार जण समोर आहेत, आणि आपल्यालाच आपलं वाक्य आवडायला लागतं. माझ्या स्वतःच्या जुन्या पोस्ट उघडल्या की हा दोष मला ठळक दिसतो.

फुल्यांचं नाव आलंच आहे तर त्यांच्यावर आलेला एक प्रसंग सांगतो. 'शेतकऱ्याचा असूड' ते लिहीत होते तेव्हा त्याची पहिली दोन प्रकरणं 'दीनबंधू'त आली. 'दीनबंधू' म्हणजे सत्यशोधकांचंच पत्र, कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेलं आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईहून चालवलेलं. म्हणजे घरचंच. तरी पुढची प्रकरणं त्यात छापली गेली नाहीत. सरकारची भीती असेल, पत्र बंद पडण्याची काळजी असेल. त्यांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. पण फुल्यांनी ते मनात ठेवलं. पुढे १८८५ साली त्यांनी 'सत्सार' नावाच्या छोट्या पुस्तिका स्वतःच काढल्या. दोनच अंक निघाले. ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकावर चहूकडून टीका होत होती, अगदी आपल्या गोटातूनही. फुल्यांनी त्यात ताराबाईंची बाजू घेतली.

दोन अंकांचं प्रकाशन. धंद्याच्या हिशोबाने हे साफ फसलेलं काम. पण विरोधकांविरुद्ध लिहायला बाजारात पत्रं मिळतात, आपल्याच लोकांविरुद्ध लिहायला सहसा मिळत नाहीत. त्यासाठी स्वतःची जागा लागते, मग ती दोन अंकांची का असेना.

आता डॉ. आंबेडकर. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० चं, शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने निघालेलं. ते फार चाललं नाही. मग महाडचा सत्याग्रह झाला, २० मार्च १९२७. आणि दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक. या वेळी संपादक स्वतः बाबासाहेब. लिहिणारी माणसं मिळत नव्हती. पगार द्यायला पैसे नव्हते. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याला भरून काढावे लागत. कोलंबिया आणि लंडनहून पदव्या घेऊन आलेला माणूस, वकिली सांभाळून, चळवळ सांभाळून, रात्री बसून रकाने भरतोय. आणि वाचणारे किती? ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांच्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येऊ दिलेलं नव्हतं. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं. आज आपण 'किती व्ह्यूज आले' बघतो. तिथे एका अंकामागे किती कान होते हे मोजणारं यंत्र नव्हतं.

पैशाअभावी ते पत्र १९२९ मध्ये बंद पडलं. बंद पडण्याआधी बाबासाहेबांनी वाचकांना उद्देशून लिहिलं. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असा त्याचा मथळा. त्यात वाचकापुढे हिशोब ठेवलेला आहे. आम्ही एवढं केलं, तुमच्याकडे काही देणं लागतं का? मला हे फार महत्त्वाचं वाटतं. लिहिणाऱ्यावर वाचकाचं ऋण असतं हे आपण नेहमी ऐकतो. वाचकावरही लिहिणाऱ्याचं ऋण असतं, हे एका संपादकाने तोंडावर सांगितलं. रविवारचा पाण्याचा हिशोब न वाचता पुढे जाणाऱ्या माझ्यासारख्यांनी ते ऐकून घ्यावं.

ज्या वर्षी 'बहिष्कृत भारत' निघालं त्याच वर्षी, जुलै १९२७ मध्ये, मुंबईत आणखी एक मासिक सुरू झालं. 'समाजस्वास्थ्य'. माझ्या मते मराठीत एकट्या माणसाने चालवलेलं हे सगळ्यात चिवट प्रकाशन.

रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. स्त्रीला मूल कधी हवं, किती हवीत, हे तिने ठरवावं आणि त्यासाठी लागणारी माहिती तिला मिळावी, एवढंच म्हणणं. त्यापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. घरात मिळकत नाही, समाजात तोंड दाखवायची सोय नाही. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? कर्व्यांनी मासिक काढलं. पत्नी मालतीबाई या कामात शेवटपर्यंत बरोबर होत्या. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. विषय म्हणजे शरीर, लैंगिक आरोग्य, लग्न, रूढी. मासिक सव्वीस वर्षं चाललं, ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे गेले तोवर. त्यांच्या मृत्यूनंतर पुढच्या महिन्यात शेवटचा अंक आला.

कर्व्यांचं लिखाण वाचाल तर पहिल्यांदा निराश व्हाल. चिपळूणकरांसारखा पल्ला नाही, नाट्य नाही. गणिताच्या मास्तरासारखं, एक पायरी, मग दुसरी पायरी. त्यांची काही मतं आज आपल्याला पटणारही नाहीत. पण त्या मासिकात एक सदर होतं, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचं. बाहेर कुणालाही विचारता येणार नाहीत असे प्रश्न लोक पत्रातून पाठवत. डॉक्टरला विचारायची लाज, वडीलधाऱ्यांना विचारायचा प्रश्नच नाही, म्हणून या अनोळखी माणसाला विचारत. कर्वे उत्तर देत. छोटं, सरळ, न रागावता, उपदेश न करता.

खटले झाले. पहिला १९३१ साली, लेखावरून. दुसरा १९३४ साली, आणि तो नेमका या प्रश्नोत्तरांवरून. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवर वाचकांनी विचारलं होतं आणि कर्व्यांनी उत्तर दिलं होतं, म्हणून अश्लीलतेचा गुन्हा. कर्व्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं? बॅरिस्टर आंबेडकरांनी. गोलमेज परिषदांमुळे तोवर देशभर नाव झालेलं, डोक्यावर पन्नास कामं, आणि ज्या खटल्यात बदनामीशिवाय काही मिळणार नव्हतं तो खटला त्यांनी घेतला. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कोर्टाने तो मानला नाही. कर्व्यांना दंड झाला. पुढच्या महिन्यात अंक निघाला.

'बहिष्कृत भारत'चे रकाने एकट्याने भरलेल्या माणसाला कर्व्यांची किंमत कळली असणार, असं मला नेहमी वाटतं. हा माझा अंदाज, पुरावा म्हणून घेऊ नका.

कर्वे वारले त्याच्या आदल्या वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या विषयापायी माणसाची नोकरी गेली, तो विषय सरकारी योजना झाला. पुढे 'ध्यासपर्व' सिनेमा आला, नाटक आलं, मानसन्मान झाले. पण १९३४ सालच्या त्या संध्याकाळी दंड भरून घरी येणाऱ्या कर्व्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त पुढच्या अंकाचा मजकूर लिहायचा होता.

शेवटचं उदाहरण घरचं आहे. नेवासे तालुक्यातलं तरवडी. तुमच्यातले किती जण तिथे गेलेत? मुकुंदराव पाटील हे कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव, वर 'दीनबंधू' काढणारे म्हणून ज्यांचा उल्लेख आला तेच भालेकर. मुकुंदरावांनी १९१० साली 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलं आणि ते आपल्या या खेड्यातून चालवलं. पुणे नाही, मुंबई नाही, नगर शहरसुद्धा नाही. छापखाना खेड्यात. लिहायचं कुणाबद्दल? सावकाराबद्दल, कुलकर्ण्याबद्दल, भटभिक्षुकाबद्दल, कर्ज काढून लग्न करणाऱ्या शेतकऱ्याबद्दल. आणि ही माणसं सगळी ओळखीची, सकाळी ओढ्याकाठी भेटणारी. पुण्यात बसून 'सावकारशाही' असा शब्द लिहिणं सोपं. ज्या गावात सावकाराचं घर चार घरं सोडून आहे तिथे बसून लिहिणं वेगळं. असं त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं केलं. १९६७ मध्ये ते गेले.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, सर, कुठे लोकहितवादी आणि आंबेडकर आणि कुठे आपल्या गल्लीतला टँकर. बरोबर आहे. मी त्या पोराला बाबासाहेबांच्या पंक्तीला बसवत नाहीये, त्यालाही ते आवडणार नाही. पण मला सांगा, या सगळ्यांत समान काय आहे? जात वेगळी, मतं वेगळी, काहींचं एकमेकांशी हाडवैर. भाषा तर एकाची दुसऱ्यासारखी नाही. समान आहे ते एवढंच. प्रत्येकाने एक प्रश्न धरला आणि सोडला नाही. स्वतः पाहिलेलं, स्वतः तपासलेलं लिहिलं. वाचकाने विचारलं तर उत्तर दिलं. आणि जे लिहिलं त्याची किंमत आली तेव्हा ती स्वतःच्या खिशातून दिली, दुसऱ्यावर ढकलली नाही.

आपण 'वैयक्तिक लिखाण' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर स्वतःबद्दल लिहिणं येतं. आज काय खाल्लं, कुठे गेलो, कुणी दुखावलं. त्यातही गैर काही नाही, गोडसे भटजींनी तेच लिहिलं. पण मला त्या शब्दाचा दुसरा अर्थ जास्त पटतो. विषय पाण्याचा असो की बाळंतपणाचा, खाली सही माझी आहे, चुकलं तर मला विचारा.

बुधवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. हे सगळं सांगायला गेलो होतो, तयारीनिशी. त्याने मला पहिला चहा दिला आणि एक वही पुढे ठेवली.

"सर, एक घोटाळा झालाय."

टँकरच्या खेपा त्याने पुन्हा मोजल्या होत्या. मागच्या गल्लीतल्या दोन बायकांनी सांगितलं की मंगळवारी दोन खेपा त्यांच्याकडे झाल्या, तो कामावर होता म्हणून त्याला दिसल्या नाहीत. म्हणजे सात नाही, नऊ. वडील कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आता हे लिहिलंस तर म्हणतील, बघा, पोरगं खोटं लिहितं. राहू दे ना. कुणाला कळतंय?"

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. चूक कबूल केली की पहिला दगड तिथूनच येतो. मी माझं लांबलचक भाषण गिळलं. त्याला एवढंच म्हणालो की त्या दोन बायका तुझ्या वाचक आहेत का? तो म्हणाला, एक आहे, ती दुसरीला वाचून दाखवते. म्हटलं, मग तिला तर कळलंय.

वडील काही बोलले नाहीत. निघताना मात्र ते कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. "दुकानात आता कुणी आलं तर मला काय सांगू?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझं नाव सांगा, वही बघायला माझ्याकडे पाठवा. तेवढं मी करू शकतो. तुम्हीही करू शकता.

आज रविवार. थोड्या वेळापूर्वी त्याचा मजकूर आला. जसाच्या तसा देतो, त्याला विचारून:

"मागच्या आठवड्यात मी टँकरच्या सात खेपा लिहिल्या होत्या. ते चुकलं. मागच्या गल्लीतल्या दोन माझ्याकडून राहिल्या. नऊ खेपा झाल्या. कागदावर बारा आहेत. या आठवड्याचा हिशोब खाली."

खाली हिशोब आहे. आज तरी न वाचता पुढे जाऊ नका.

(पोस्ट शेअर करायला परवानगीची गरज नाही. इतिहासात कुठे चुकलं असेन तर खाली सांगा, दुरुस्त करीन.)